सासूबाईंचं तेवीस लिटर सरबत

हिल्सबरो, ऑकलंड
गुरुवार, जेवणाची सुट्टी, व्हॅनमध्ये

परमप्रिय साडूभाऊ मकरंदराव यांस,

राजारामचा स्टिअरिंगवर डोकं टेकवून नमस्कार. तुमची शुगर, स्नेहलताईंचा गुडघा आणि तुमच्या सोसायटीची लिफ्ट, तिघांच्याही तब्येती एव्हाना सुधारल्या असतील अशी आशा करतो. आम्ही इकडे सगळे मजेत आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. अनुया मजेत आहे, तिच्या हॉस्पिटलातल्या पाळ्या चालू आहेत. सासूबाई कालपर्यंत मजेत होत्या. माझं म्हणाल, तर रविवारपासून घास घशाखाली उतरत नाही. पत्र तुमच्या बँकेच्या पत्त्यावर का, असं तुम्हाला वाटेल. तर तुमचा फोन कायम स्पीकरवर आणि शेजारी स्नेहलताई. तुमचे मेसेज आधी त्या वाचतात आणि मग तुम्हाला सारांश सांगतात. आणि हे प्रकरण सारांशात मावणारं नाही.

सासूबाईंबद्दल तुम्हाला मी काय सांगणार? गावातल्या दारूच्या दुकानावर ज्या बाईनं बायकांचं मतदान लावलं आणि घरोघर फिरून आडव्या बाटलीवर शिक्के मारून घेतले, त्याआधी ओढ्याकाठच्या हातभट्ट्या स्वतःच्या हातानं फोडल्या, त्या बाईचे आपण दोघे जावई. आपल्याला बघायला आल्या तेव्हा त्यांनी तुमचा पगार विचारला नाही, माझी जमीन विचारली नाही. “घेता का?” एवढंच. मी नाही म्हणालो, आणि तेव्हा ते शंभर टक्के खरं होतं. पुढं मी इकडे शिकायला आलो, शिक्षण सोडून एका प्लंबरच्या हाताखाली चर खणू लागलो, तेव्हा सगळे नातेवाईक म्हणाले की पोरगी दिली ती गटार खणणाऱ्याला. एकट्या सासूबाई लग्नाकार्यात ताठ मानेनं सांगत होत्या, “माझा जावई पाण्याचं काम करतो आणि पाणीच पितो.” मकरंदराव, आज माझ्या तीन व्हॅन आहेत, दारांवर माझं नाव आहे, पण त्या वाक्यावर मी वीस वर्षं चाललोय. ते वाक्य माझ्यामुळं मोडलं तर मी कुठल्या तोंडानं त्यांना वाकून नमस्कार करणार?

आणि ते मोडलं कशानं, तर डब्यानं. इथं शुक्रवारी काम आटपलं की साइटवर सगळे एक-एक बिअर घेतात. मीही घेतो. (एकच. अनुयाला माहीत आहे.) माझ्याबरोबर वायरेमू म्हणून एक माओरी प्लंबर आहे, हत्तीएवढा आणि तितकाच शांत, तो घरीच बिअर करतो. त्यानं सांगितलं, ब्रो, काही नसतं त्यात, घट्ट पाकाचा डबा येतो, तेवीस लिटरच्या पिंपात ओतायचा, पाणी घालायचं, झाकणाखालची यीस्टची पुडी टाकायची आणि आठवडाभर तिकडं बघायचं नाही, स्वीट अ‍ॅज, म्हणजे एकदम झकास. मी फेब्रुवारीत व्हॅनमध्ये बसून वेबसाइट उघडली. साडीच्या दुकानातसुद्धा एवढे प्रकार नसतील: ड्राफ्ट, लागर, पिल्सनर, फिकट, गडद, फळाच्या वासाचं. प्रत्येकाखाली लोकांचे अभिप्राय. मी सगळे वाचले. (एकानं पाच चांदण्या देऊन लिहिलं होतं, ‘अजून उघडलेला नाही.’ दुसऱ्यानं एकच चांदणी दिली होती, कारण बायको सोडून गेली. डब्यामुळं की आधीच, ते लिहिलं नव्हतं.) शेवटी ड्राफ्टवर बोट ठेवलं, पैसे कापले गेले आणि मग मेल आला की माल शिल्लक नाही, आला की पाठवू. मार्चमध्ये माफी मागणारा मेल, एप्रिलमध्ये आणखी नम्र मेल. मे महिन्यात सासूबाईंचं तिकीट निघालं तेव्हा मी ऑर्डर रद्द करायला गेलो, तर रद्द करायचं बटण दाबल्यावर वेबसाइटनं माझं मत विचारणारी दहा प्रश्नांची पत्रिका दिली. मी ती भरली. ऑर्डर रद्द झाली नाही, फक्त मत नोंदलं गेलं.

सासूबाई जूनमध्ये उतरल्या आणि तिसऱ्या दिवशी खोकं आलं. मी कामावर, अनुया हॉस्पिटलात. खोकं सासूबाईंनी घेतलं, कुरिअरवाल्याला पाणी विचारलं, आणि जावयाच्या कामाची वस्तू असेल, गंजायला नको, म्हणून उघडलं. मी घरी पोचलो तो ओट्यावर डबा उभा, खाली त्याच्याबरोबर आलेलं पिंप. डब्यावर फेसाळलेला पेला, आणि बाजूला सातूची कणसं. सासूबाईंनी चष्मा सारखा केला आणि विचारलं, “राजारामराव, हा उसाचा रस का?” मी मान हलवली. “आणि हे गवत कसलं?” माझ्या तोंडून निघालं, “उसाचे तुरे.” झालं. त्यांनी सांडशीच्या टोकानं डबा उचकटला, बोट बुडवलं, चाटलं आणि त्यांचा चेहरा असा उजळला की बस. “अहो, काकवी की ही! जरा कडवट आहे, जुनी असंल. पण काकवीच.” आमच्या भागातल्या माणसाला दाट, काळपट, चिकट पाक दाखवला की त्याच्या डोळ्यासमोर गुऱ्हाळच येणार, त्यांची काय चूक? मला त्या क्षणी सांगता आलं असतं. पण त्या म्हणाल्या, “लेकीच्या घरी काकवी मिळंल असं वाटलं नव्हतं,” आणि मी ओट्यावरचा पाण्याचा नळ उगाच सोडला आणि बंद केला.

आता खरा प्रसंग ऐका. इथल्या महिला मंडळानं सासूबाईंचं भाषण ठेवलं होतं, गेल्या रविवारी माउंट रॉस्किलच्या हॉलमध्ये. विषय, ‘आमच्या गावची दारूबंदी’. चाळीस बायका येणार. सासूबाई म्हणाल्या, रिकाम्या हातानं कसं जायचं, मी काकवीचं सरबत करते. आलं आणि लिंबं आधीच्याच रविवारी अवोन्डेलच्या बाजारातून त्यांनी स्वतः निवडून आणली होती. शनिवारी मी एका फुटलेल्या गीझरवर गेलो असताना त्यांनी गॅरेजमध्ये ते नवंकोरं पिंप घासून काढलं, सगळी काकवी कोमट पाण्यात कालवली, कडवटपणा जावा म्हणून दोन किलो गूळ घातला (वायरेमूला हे सांगितलं तेव्हा त्यानं हातातला पाना खाली ठेवला आणि म्हणाला, “तुझी सासू कामाला येईल का?”), आलं ठेचून टाकलं, आणि डब्याच्या झाकणाखाली एक पुडी मिळाली ती सोड्याची समजून वर भुरभुरवली, सरबत जरा फसफसावं म्हणून. मी आलो तेव्हा झाकण लागलेलं. झाकणाला एक भोक, आणि खोक्यात त्या भोकाची, हवा बाहेर सोडणारी नळी. मकरंदराव, मी प्लंबर माणूस, उघडं भोक दिसलं की माझा हात राहत नाही. मी ती नळी पाणी भरून बसवली. घट्ट.

शनिवारी संध्याकाळी वादळाचा इशारा आला, हॉल बंद झाला, भाषण एक आठवडा पुढं गेलं. सासूबाई म्हणाल्या, थंडीच आहे (इकडे जूनमध्ये हिवाळा), सरबत टिकंल. टिकलं असतंही, पण पिंप गरम पाण्याच्या टाकीला खेटून होतं, आणि ते तिथं मी सरकवलं होतं, पाय अडखळतो म्हणून. रविवारी सकाळी पोहे खाताना मला ऐकू आलं. बुडुक. तुम्हाला माहीत आहे माझा कान कसा आहे. भिंतीत कुठं थेंब पडतोय हे मी हॉलमध्ये उभं राहून सांगतो, त्याच कानावर माझा धंदा उभा आहे. आता तोच कान मला खातोय. बुडुक, बुडुक. सोमवारपासून तर एकसारखं, जणू गॅरेजमध्ये कोणी हुक्का ओढत बसलंय. मी टीव्ही मोठा केला. अनुया म्हणाली, “सांग आईला आणि मोकळा हो.” मी म्हटलं, तू सांग. ती म्हणाली, “मान मी हलवली होती का?” पिंप ओतून टाकावं, तर सासूबाई घर सोडत नाहीत. सरबत बिघडलं असेल असं सुचवून पाहिलं, तर म्हणाल्या, “आठ दिवसांत? आमच्यात अन्न टाकत नाहीत.” (आणि आता तुमच्यापाशी काय लपवू, वास फार छान सुटला होता. आल्याचा, जरासा पावाचा. मंगळवारी मी उगाच पक्कड शोधायला दोनदा गॅरेजमध्ये गेलो.)

पण मी एक गोष्ट विसरलो. ज्या बाईनं दहा वर्षं भट्ट्या हुंगून शोधल्या, तिला आंबलेल्या गुळाचा वास कळणार नाही का? काल दुपारी त्या सरबत ढवळायला गेल्या. मी घरी आलो तेव्हा गॅरेजच्या पायरीवर बसल्या होत्या, पदर नाकाला. मला वाटलं, आली वेळ. तर त्या मलाच म्हणाल्या, “राजारामराव, माझ्या हातनं दारू झाली हो.” म्हणे गूळ जास्त पडला, काकवी जुनी होती, मलाच कळायला हवं होतं. अनुयाला सांगू नका. मंडळाला फोन करून कळवा की बरं नाही. “जिच्या हातनं दारू झाली तिनं तिथं काय तोंड उघडायचं?” मकरंदराव, भट्टीवाल्यांनी अंगावर कुत्री सोडली तेव्हा न डगमगलेली बाई, माझ्या गॅरेजच्या पायरीवर एवढीशी होऊन बसली होती. आणि मी? मी म्हटलं, होतं असं कधीकधी, हवामान दमट आहे. रात्री त्या जेवल्या नाहीत.

असो. बाकी सर्व ठीक. थंडी बरी आहे. स्नेहलताईंना नमस्कार.

तुमचा धाकटा साडू,
राजाराम

ता. क. – पत्र लिहिण्याचं खरं कारण राहिलंच. सासूबाईंना फोन करून एवढंच सांगा की तो बिअरचा डबा होता आणि तो तुम्ही मागवायला सांगितला होता, राजारामला काही कल्पना नव्हती. म्हणजे त्यांच्या हातून काही झालं नाही हे त्यांना कळेल आणि त्या भाषणाला जातील. तुम्ही मोठे जावई, मोठ्या जावयाचं एखादं चालून जातं. शिवाय तुम्ही बारा हजार किलोमीटरवर आहात, मी जेवणाच्या टेबलावर समोर बसतो.

ता. क. दुसरा – शुक्रवार. रागावू नका. पत्र पोचेपर्यंत रविवार उलटून जाईल हे काल संध्याकाळी लक्षात आलं, म्हणून तुमच्या वतीनं मीच सांगून टाकलं. डबा मकरंदरावांचा, पुण्याला पाठवायचा होता, तुमच्या हातून काही चुकलेलं नाही. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाल्या, “पण पुण्यात काय डबे मिळत नाहीत?” मी म्हटलं, इकडचा चांगला असतो. मग त्या दोन भाकरी जेवल्या.

ता. क. तिसरा – सोमवार, पोस्टाच्या रांगेतून. शनिवारी सासूबाईंनी खात्री करायला थेट स्नेहलताईंना फोन लावला. मी चार फुटांवर उभा, दोन्ही बाजू स्वच्छ ऐकू येत होत्या. मला वाटलं आता मी संपलो. तर स्नेहलताई म्हणाल्या, “त्यांचाच असणार आई, गणपतीच्या मखराच्या खोक्यात बाटली असते, मी बघून न बघितल्यासारखं करते.” मकरंदराव, देवाशपथ सांगतो, मला काडीची कल्पना नव्हती! काल भाषण झालं. पाऊण तास बोलल्या, हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू आली असती. गावचं दुकान पाच मिनिटांत आटोपलं, उरलेला वेळ सुशिक्षित घरातल्या चोरून पिणाऱ्यांवर. तुमचं नाव घेतलं नाही, फक्त ‘बँकेतला’ म्हणाल्या. मला उभं करून सांगितलं की या जावयानं नातं न बघता खरं सांगितलं. चाळीस बायकांनी टाळ्या वाजवल्या. अनुयानं वाजवल्या नाहीत. पिंप मी काल संध्याकाळी ओतलं. वायरेमू शेवटपर्यंत शेजारी टोपी काढून उभा होता.

सासूबाईंना आज सकाळी मी सगळं खरं सांगणारच होतो. पण मी तोंड उघडायच्या आत त्यांनीच सांगितलं की तिकीट अलीकडं आणलंय, मकरंदकडं लक्ष द्यायला हवं, दोन-तीन महिने तरी पुण्यातच राहते. येत्या शुक्रवारी त्या तुमच्याकडं उतरतील. काउंटरवरच्या बाई म्हणतात, पत्राला तीन आठवडे लागतील. तेव्हा हे वाचत असाल तेव्हा कसे आहात, ते जरूर कळवा.