नळाच्या पाण्यात फुगलेली माती

प्रिय मावशी,

गुडघा कसा आहे? जिना चढू नकोस म्हटलं की तू मुद्दाम चढतेस, म्हणून काही सांगत नाही. आज तुला मातीबद्दल लिहायचंय. घरात दुसऱ्या कुणाला सांगायला गेले की जांभया सुरू होतात.

गेल्या महिन्यात कारखान्याच्या सांडपाण्याच्या तळ्याजवळच्या तीन विहिरी खारट झाल्या. तळं उपसलं, तर तळाच्या मातीच्या थरावर पोकलेनच्या दात्यांचे ओरखडे दिसले. सगळ्यांना हायसं वाटलं. गाळ काढताना चालकानं थर फाडला, झालं! त्याला घरी बसवलं. तो माझ्याकडे प्रयोगशाळेत आला, खुर्चीवरही बसेना. म्हणाला, “ताई, बोटभर पण खोल गेलो नाही मी. माती आधीच भुसभुशीत होती.”

मी जाऊन मोजलं. ओरखडा बोटभरच, आणि थर चांगला हातभर जाड. मग मला चैन पडेना. ओरखड्यांपासून लांबची माती उकरली, तर तीही हातात भुगा होऊन पडली. ही माती पाणी पिऊन फुगते, आपली भोकं आपणच बुजवते, म्हणून पाणी अडवते, हे तूच शिकवलंस. मग हिला झालं काय? त्याच खाणीतली कोरी माती आणली. दोन मोजपात्रं घेतली, एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात तळ्याचं. दोन्हींत दोन-दोन ग्रॅम माती टाकली. दुसऱ्या दिवशी पहिली फुगून चोवीसच्या रेघेवर, दुसरी रुसल्यासारखी नऊवर! तीनदा केलं, तीनदा तेच. सांडपाण्यातले क्षार मातीच्या पापुद्र्यांत हळूहळू शिरतात, तिचं फुगणं मोडतात, कण गोळा होतात आणि मधून वाटा फुटतात. या थरात हे सगळं व्हायला एकोणीस वर्षं लागली. मावशी, खरं सांगते, त्या दिवशी मी आनंदानं जेवायचंच विसरले.

मग जुनी फाइल काढली. थर घालण्याआधीची चाचणी, पाणी नळाचं, आणि खाली तुझी सही. दोन दिवस ती फाइल मी खणात ठेवून दिली. ओरखड्यांवर ढकलणं फार सोपं होतं, सगळ्यांना तेच हवं होतं.

त्या काळी सगळे नळाचंच पाणी वापरायचे. मीही तेच केलं असतं. पण तो माणूस घरी बसलाय. मंगळवारी माझा अहवाल जाईल, त्यात जुन्या चाचणीचा उल्लेख आहे. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी तुला माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. आणि एक मागणं आहे. सोमवारी ये, आणि तेव्हा काय तपासलं, काय राहिलं, ते तुझ्या हातानं लिहून दे. तुझ्या शब्दापुढे त्याच्यावर कुणी बोट ठेवणार नाही. तुला वाईट वाटेल. पण त्याआधी तू विचारशील, माती पाण्यात किती वेळ ठेवलीस, खोलीत ऊन येत होतं का. सगळं टिपून ठेवलंय. ये आणि माझ्या चुका काढ.

तुझ्याच हाताखाली शिकलेली,
तुझीच,
पिटुकली