गाठीची वायर

अहो,

मी डॉक्टरांना भेटून येते. माझी तब्येत ठीक आहे. शेजारची कोमल येऊन जेवायला वाढेल, तिच्यावर चिडू नका.

मी येईपर्यंत स्पीकरला हात लावू नका. काल तुम्ही वायरींची टोकं अँप्लिफायरला न लावता भिंतीतल्या प्लगात घातलीत. बटण बंद होतं म्हणून वाचलात. वर मलाच म्हणालात, "अगं, घाबरतेस काय? उभ्या पनवेलला स्पीकर जोडून दिलेत मी!"

दिलेत, खरंच. लग्नानंतर आपल्या दुकानात मलाही शिकवलंत. अंधारात बोटांना कळावं म्हणून लाल वायरीला गाठ मारायची. आधी अँप्लिफायर बंद, मग गाठीची वायर लाल क्लिपमध्ये, साधी काळ्यात. मी काही विसरले नाही.

काल ती गाठ चाचपून तुम्ही विचारलंत, "ही कोणी मारली?" तुम्हीच मारलेली गाठ ती.

प्लगांचा फ्यूज मी पर्समध्ये घालून नेला आहे, शोधू नका. पंखा चालेल.

संध्याकाळी तुम्ही खुर्चीत बसून सांगा, मी जोडते. सांगताना चुकलात, तरी मी बरोबरच जोडीन.

दमयंती