शिवणाच्या खोलीचं दार

इंदिरानगर, नाशिक
बुधवार, ११ नोव्हेंबर १९९८

सौ. चंद्रभागा हिस आशीर्वाद.

मी रागावलेली आहे, तरी आशीर्वाद लिहिलाय. आम्ही बरे आहोत. यांचं ब्लडप्रेशर जागेवर आहे. केरूभाऊजींचा कांदा लासलगावला गेला का, आणि सायलीचे पाय अजून सुजतात का, ते कळव.

हे पत्र सायलीकडून वाचून घ्यायचं नाही. तू चौथी पास आहेस, आणि अक्षर मी मुद्दाम मोठं काढलंय. फोन करणार नाही. तुमच्या गावातला फोन किराणा दुकानात, आणि मला जे बोलायचंय ते गुळाच्या ढेपेशेजारी उभं राहून ऐकण्यासारखं नाही.

शनिवारी सकाळी तू गेलीस. पंधरा दिवस राहायला आलेली बाई सातव्या दिवशी पिशवी उचलते, आणि विचारलं तर म्हणते, "सायलीकडं बघाया पाहिजे ना बाई." सायलीपाशी तिची आत्या महिनाभर आहे, हे आल्या आल्या तूच मला सांगितलं होतंस. खोटं बोलायचं तर आधी नीट जुळवून तरी घ्यावं.

हे घर बांधल्यापासून चौदा वर्षं दिवाळी झाली की तू येतेस आणि आपण दोघी जावा त्या कोठीच्या खोलीत गोधड्या शिवतो. कशात बसून शिवल्या? एक चाळिसाचा बल्ब, मागे गव्हाची कोठी, चिंध्यांची गाठोडी आणि त्यात राहणारी झुरळं. मी ठरवलं, यंदा खोली नीट करायची. दोघींनाही आराम व्हावा. खिडकी दुप्पट मोठी केली. ट्यूब लावली, पंखा लावला. कपाट केलं आणि सगळे तुकडे सुती, रेशमी, गडद, फिके असे कप्प्यांत लावले. सहा बाय चारचं टेबल करून घेतलं. त्याच्या कडांना दोरा अडकू नये म्हणून बहिरू सुताराला त्या तीनदा घासायला लावल्या. पाठीला आधार असलेल्या, फोमच्या दोन खुर्च्या केल्या. दार उघडलं की टेबलावर आपटायचं, म्हणून ते काढून टाकलं आणि तिथे कमान केली. आता हॉलमधला उजेडही आत येतो. गल्लीतल्या चार बायका खोली बघून गेल्या.

आणि तू काय केलंस? "लय झ्याक झालं बाई" म्हणालीस आणि सहा दिवस उभी राहिलीस.

टेबलाशी उभी राहून टाके घातलेस. मी दिवसातून दहा वेळा म्हणायचे, बस. "बसते की." "हा दोरा सरला की बसते." दोरा सरायचा, तू दुसरा ओवायचीस. माझं लक्ष नव्हतं असं समजू नकोस. हे भाजी आणायला बाहेर पडले की तू खुर्चीच्या टोकावर टेकायचीस आणि फाटक वाजलं की उठायचीस. म्हणजे बसता येत होतं! माझी खुर्चीच तुला नको होती. एवढ्या हौसेने केलेल्या वस्तूचा याहून वाईट अपमान मी पाहिलेला नाही, आणि मी तीस वर्षं शाळेत काढली आहेत.

शुक्रवारी शेजारच्या मंजुषाबाई आल्या तेव्हा मी काहीतरी बोलले असेन. बोलले ते बोलले. त्याचा इथे संबंध नाही.

संबंध गोधडीचा आहे. सायलीच्या बाळाला सासूबाईंच्या नऊवारीची गोधडी द्यायची, हे आपण दोघींनी ठरवलं होतं. जानेवारीत बाळ येईल. गोधडी मध्यावर आलीय, तीन कोपरे बंद आहेत, चौथा उघडा आहे. मी एकटी पूर्ण करायला बसले तर थर सरकतात. जमिनीवर आपण गोधडीवरच बसून शिवतो, म्हणून ती जागची हलत नाही. टेबलावर तिला दाबून धरायला कुणी नाही. मधोमध मोठा सळ पडला. उसवला. परत पडला. परत उसवला. काल तिसऱ्यांदा पडला तेव्हा मी सुई भिंतीकडे फेकली. अजून सापडलेली नाही.

तू अशी का गेलीस ते लिही. स्वतःच्या हाताने लिही.

छाया


इंदिरानगर, नाशिक
रविवार, २९ नोव्हेंबर १९९८

सौ. चंद्रभागा,

आशीर्वाद आहेतच. सायलीचं पत्र आठवड्यापूर्वी मिळालं. तिच्याकडून वाचून घेऊ नकोस म्हटलं होतं. तू वाचून घेतलंस आणि उत्तरही तिच्याकडूनच लिहवलंस. बरं, तिचं अक्षर सुधारलंय.

तिने लिहिलंय, "आई म्हणती, मोठे आबा समोरच बसलेले असतात. भायाच्या म्होरं खुर्चीवर कशी बसू? दार होतं तवा बरं होतं, खाली पाय पसरून बसता यायचं, डोक्यावरचा पदर पडला तरी चालायचं. आई म्हणती, बाईला एवढं कळत नाय म्हंजे नवलच हाय."

हे मी तीनदा वाचलं. आधी तुझाच राग आला. पन्नाशीची बाई तू, उद्या आजी होशील. मला कोपऱ्यात घेऊन "बाई, भाया समोर आहेत" एवढं म्हणायला तोंड नव्हतं? चौदा वर्षं त्या खोलीत तू मला अख्ख्या गावाच्या भानगडी सांगितल्यास. स्वतःचे पाय दुखतात, एवढं सांगता आलं नाही?

मग पत्र घेऊन हॉलमध्ये गेले. हे त्यांच्या खुर्चीत, कमानीकडे तोंड करून.

"सहा दिवस ती उभी होती. तुम्हाला दिसलं नाही?"

"दिसलं की."

"मग बोलला का नाहीत?"

"मी काय बोलू? धाकट्या भावाच्या बायकोला मी 'बसा' म्हणू? लग्न होऊन आल्यापासून तिच्याशी चार शब्द बोललेलो नाही." मग म्हणाले, "मी पेपर वर धरत होतो. तोंडासमोर. तेवढ्यात तरी बसेल म्हणून."

"नऊ वाजल्यापासून बारापर्यंत?"

"हात भरून यायचे गं. म्हणून मग भाजीला जायचो. घरात एवढी मेथी कशाला येत होती असं वाटलं तुला?"

चंद्रभागा, या घरात आणखी दोन खोल्या आहेत. त्या माणसाला उठून आत जाऊन बसणं सुचलं नाही, मेथी सुचली. मी जे बोलायचं ते बोलले. ते इथे लिहीत नाही, सायली वाचणार. पण दोन दिवस हे जेवायलासुद्धा गुपचूप येत होते.

यांच्यावर ओरडून झालं, तरी राग संपला नाही. मग कळलं की तो कुणावर शिल्लक आहे.

मला भायाच नाही. हे घरात थोरले, यांच्यावर कुणी भाऊ नाही. राहिले होते मामंजी. लग्नानंतर आठव्या दिवशी मी त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसले. बी. ए. झालेली सून, म्हणून त्यांनी मान फिरवली आणि सोडून दिलं. त्या दिवसापासून मी समजत होते की या घरातली ती रीत मी मोडली. मी फक्त माझ्यापुरती मोडली होती. तुझ्यासाठी ती होती तशीच होती, आणि तुला तिच्यापासून लपायला त्या कोठीच्या खोलीचं दार तेवढं होतं. ते मी कमानीच्या हौसेपायी काढून टाकलं, आणि वर तुलाच विचारत राहिले की बस ना, बसत का नाहीस.

आता शुक्रवारचं. मागच्या पत्रात त्याचा संबंध नाही असं लिहिलं. मंजुषाबाई म्हणाल्या, "या उभ्या का?" आणि मी म्हणाले, "काय करणार, म्हशीसुद्धा दुपारच्या बसतात." त्या हसल्या. हे पेपरामागे होते. तू सुईत दोरा ओवत होतीस. ओवून झालेला दोरा तू काढलास आणि पुन्हा ओवलास. मला ते दिसलं होतं. मी त्यावर काही बोलले नाही आणि दुसऱ्या दिवशी तू गेलीस.

दोघींच्या आरामासाठी खोली केली, हेही पूर्ण खरं नाही. गेल्या वर्षी तू चहा ठेवायला गेलीस तेव्हा मला जमिनीवरून उठता येईना. गुडघे वाकेनात. खिडकीचा गज धरून कशीबशी उभी राहिले, आणि तू कप घेऊन आलीस तेव्हा सांगितलं की पपईवर पोपट आलेत ते बघतेय. तू किती वेळ पोपट शोधत होतीस. पोपट नव्हते. खाली बसवत नाही हे तुला सांगायची लाज वाटली, म्हणून वर्षभर विचार करून एवढं सगळं केलं. म्हणजे दुखणं लपवण्यात मी तुझ्या पुढेच.

बहिरूला परत बोलावलं. "बाई, दार तुम्हीच काढायला लावलं," म्हणाला. म्हटलं, हो, मीच लावलं, आता मीच बसवायला सांगतेय. कमानीत चौकोनी दार बसत नाही म्हणून तासभर कुरकुरला. वर एक अर्धगोल फळी मारलीय. दिसायला अगदी वाईट आहे. आता गल्लीतली एकही बाई खोली बघायला येत नाही, ते बरंच झालं. टेबलाचे पाय कापले. आता ते गुडघ्याइतकं उंच आहे, दिवाणासारखं. त्यावर गोधडी पसरायची आणि तू तिच्यावर मांडी घालून बसायचंस, म्हणजे थर हलणार नाहीत. मी कडेला खुर्चीवर बसून माझी बाजू शिवीन. खुर्चीचेही पाय थोडे कापलेत. तू माझ्यापेक्षा उंच बसशील. आता थोरल्या जावेपेक्षा वर कशी बसू, असं सायलीकडून लिहवू नकोस. दार लावलेलं असेल आणि मी कुणाला सांगणार नाही.

गोधडी पुरी करायचा मी परवा शेवटचा प्रयत्न केला. चौथा कोपरा शिवण्याआधी त्यात भाकरीचा घास ठेवायचा असतो, गोधडी उपाशी ठेवायची नाही. दर वेळी तो तू ठेवतेस. मी तुकडा मोडून हातात घेतला, पण मला ठेवता आला नाही. कोपरा उघडाच आहे.

थोरल्या जावेने धाकटीची माफी मागायची आपल्याकडे रीत नाही. मी मागते. आणि ही दार लावून नाही, पत्रात लिहून मागते. सायलीने मोठ्याने वाचावी, केरूभाऊजींनीही ऐकावी.

बाळाच्या आधी ये. भाकरी तुझ्या चुलीवरची आण, माझ्या गॅसवरची त्या गोधडीला चालणार नाही. दाराची कडी आतून आहे. ती पहिल्यांदा तू लावायची, म्हणून मी अजून एकदाही लावलेली नाही.

रागात आहे, वाट बघतेय,
जिला कधी भाया नव्हता ती तुझी जाऊ,
छाया