माणूस फुकट, डबा नव्हे

कडेगाव,
माघातला मंगळवार

आईच्या माघारी आईच्याच जागी असलेल्या आक्काच्या पायांवर धाकट्या नाथाजीचं डोकं.

गुडघा कसा आहे? मागच्या खेपेला तू म्हणालीस की जिन्याची एकच पायरी चढता येते. ती दुखणं कमी झाल्यामुळे की जिनाच सोडल्यामुळे, हे कळवावं. पाटणला थंडी आमच्यापेक्षा जास्त, तेव्हा पहाटे अंगणात बसून म्हशीशी भांडू नये. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. बाकी आमच्या पोराच्या, उदयसिंहाच्या पायातली सळई अजून निघालेली नाही, माझं बीपी डॉक्टरांना आवडत नाही आणि आमच्या गल्लीत परवा एक माणूस चालता चालता पडला. तो उठला, पण मला अजून धडधडतंय.

(सूनबाई राणी, हे पत्र तूच वाचून दाखवणार हे मला ठाऊक आहे. कंसातलं तुझ्यासाठी आहे. ते मोठ्यानं वाचू नकोस.)

फोन का केला नाही म्हणशील. आक्का, फोनवर तू बोलतेस आणि मी 'व्हय आक्का' म्हणतो, आणि फोन ठेवल्यावर समजतं की मी कशाला तरी होकार देऊन बसलोय. मागं असंच तुझ्या दिराचं मोडकं शिलाई मशीन माझ्या घरी आलं. अजून आहे. कागदावर मात्र मला माझं बोलणं पुरं करता येतं.

तुझा निरोप पोचला. रहिमतपूरचे पोल्ट्रीवाले येत्या रविवारी राजनंदिनीला बघायला येणार, मुलगा निर्व्यसनी आहे, लग्नाचा खर्च त्यांचा, पोरीला लग्नानंतरही शिकू देणार, आणि घरात पैसे नसताना नातीला सांगलीत ठेवायचा हट्ट कशाला, हे सगळं समजलं. त्याचं उत्तर शेवटी लिहितो. आधी इकडे काय चाललंय ते ऐक.

उदयसिंह दिवाळीत मोटारसायकलवरून घसरला हे तुला माहीत आहे. दुधाच्या टेम्पोवर दुसरा ड्रायव्हर लागला आणि आमचा ड्रायव्हर खाटेवर. राजनंदिनीची शिष्यवृत्ती मंजूर आहे, पण खात्यात आलेली नाही. (मंजूर आणि जमा या दोन गावांच्या मध्ये एसटी जात नाही, असं दिसतं.) खोलीचं भाडं ती दोन मुलांच्या शिकवण्या घेऊन भागवते. राहिली खानावळ. महिन्याला तीन हजार, आणि रविवारी रात्री बंद. पोर नोव्हेंबरात एक दिवस गादीसकट घरी आली. रसायनशास्त्राची पुस्तकं फळीवर नीट लावली आणि म्हणाली, "आबा, एवढं वर्ष जाऊ दे. पप्पांचा पाय बरा झाला की मी परत सुरू करते."

आक्का, मी भित्रा माणूस आहे. पाल दिसली तरी मी खोली बदलतो. पण हे ऐकल्यावर मला काय झालं कोण जाणे. मी तिला म्हणालो, "मला पण सातवीत म्हणाले हुते, एवढी सुगी होऊ दे, मग शाळंत जा. पोरी, ती सुगी अजून चालूच हाय."

सकाळी गादी परत बांधलेली होती. आणि मी डबा पोचवायचा शब्द देऊन बसलो होतो.

आता कडेगावाहून सांगलीला डबा पाठवणं ही काही नवी गोष्ट नाही. गावोगावच्या आया एसटीच्या ड्रायव्हरकडे डबा देतात, पोरं स्टँडवर येऊन घेतात. मीही दिला. तर त्या दिवशी ड्रायव्हरची पाळी बदलली, डबा सीटखाली गेला, सांगलीला उतरलाच नाही, आणि तिसऱ्या दिवशी मिरजेला सापडला. राजनंदिनीनं तो उघडून फोन केला. म्हणाली, आबा, हे आता रसायनशास्त्रात बसत नाही, जीवशास्त्रवाल्यांना देते. पोर हसत होती, पण दोन दिवस बिस्किटांवर होती, हे मला आमच्या सुनेकडून कळलं.

त्या संध्याकाळी माझ्या डोक्यात उजेड पडला. पंच्याहत्तरीनंतर माणसाला एसटी फुकट आहे. आधार कार्डावर मी शहात्तरचा आहे. (ती एक जूनची तारीख गुरुजींनी टाकलेली आहे, त्या वर्गातली अर्धी मुलं एक जूनला जन्मली. कंडक्टर कार्ड बघताना अजूनही मला घाम येतो.) ड्रायव्हरकडे डबा द्यायचाच कशाला? मीच जातो. एक पैसा लागत नाही. सकाळी सातची गाडी, नऊ-सव्वानऊला सांगली, कॉलेजच्या गेटवर डबा द्यायचा, कालचा रिकामा घ्यायचा, दुपारी घरी. सून म्हणाली, मामंजी, रोज एवढा प्रवास तुम्हाला झेपायचा नाही. मी म्हणालो, घरी बसून काळजी करतो ती गाडीत बसून करीन.

आठवड्यात ही बातमी बाजारात पसरली. किराणा दुकानवाले मदन शेठ तुला आठवत असतील, ज्यांच्याकडे तू एकदा साखरेचा भाव विचारून काहीच न घेता आलीस ते. त्यांची कीर्ती राजनंदिनीच्याच कॉलेजात आहे. ते जैन, पोरगी दिवस मावळल्यावर जेवत नाही, आणि खानावळीचं ताट रात्री आठला लागतं. कांदा-लसणाचा विषय तर वेगळाच. ते म्हणाले, आबा, आमचाही डबा न्या, रोजचे तीस रुपये देतो. मग आणखी चार घरचे आले. महिन्याभरात मी सहा डब्यांचा धनी झालो आणि कंडक्टरबाई माझ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"आजोबा, माणूस फुकट हाय. डबं न्हाईत."

मी म्हणालो, बाई, पोरांचं जेवण आहे. त्यांनी सहाही पिशव्या एकेक करून हातात तोलल्या. एका पिशवीपाशी थांबून वास घेतला आणि विचारलं, ठेचा कुणाचा? मी म्हणालो, आमचा. म्हणाल्या, "वजनात धरत न्हाई. पर सीटवर ठिऊ नका, मांडीवर घ्या." तेव्हापासून मी दोन तास सहा डबे मांडीवर घेऊन बसतो. गाडी खड्ड्यातून गेली की सहा घरची आमटी एकदम हलते आणि माझं काळीज त्यांच्याबरोबर. (राणी, त्या बाईंना आता दर सोमवारी ठेच्याची वाटी जाते. हे आक्कांना सांगू नकोस. त्या याला लाच म्हणतील.)

आता जे झालं ते ऐक. मदन शेठ दिवाळीला गिऱ्हाइकांना कापडी पिशवी वाटतात, निळी, दुकानाचं नाव छापलेली. कडेगावात असं घर नाही जिथं ती नाही. आमचा डबा त्याच पिशवीत, आणि त्यांचा स्वतःचाही त्याच पिशवीत. मी ओळख म्हणून आमच्या पिशवीच्या बंदाला गाठ मारत असे. गेल्या बुधवारी सुनेनं धुतल्यावर ती गाठ सोडली. नीट दिसत नाही म्हणाली. आणि त्याच बुधवारी तिनं सुकट केली होती.

मी नेहमीसारखे डबे वाटले आणि घरी येऊन पडलो. पावणेचारला राजनंदिनीचा फोन. दुपारी तिनं डबा उघडला तर दुधी भोपळा आणि मुगाची आमटी. पोरीला वाटलं, आईनं आता काटकसर सुरू केली, म्हणून एक शब्द न बोलता सगळं संपवलं. आणि कीर्तीचं प्रॅक्टिकल लांबलं, तिनं साडेतीनला डबा उघडला. ती तो डबा हात लांब करून धरून हिच्याकडे आली आणि म्हणाली, "तुझ्या आबांनी मला मासे पाठवलेत."

याच्या पुढे राजनंदिनी काहीतरी सांगत होती. पण मी फोन बंद केला, तो तसाच खाटेवर टाकला आणि चपला घातल्या. पोरगी सकाळपासून उपाशी, दिवस मावळला की उद्यापर्यंत पाणीसुद्धा नाही, आणि हे पाप माझ्या मांडीवरून गेलेलं. बाजारातून दोन डझन केळी घेतली. मदन शेठच्या दुकानासमोरून जाऊ नये म्हणून मागच्या बोळातून गेलो, तर शेठ नेमके बोळातच उभे. विचारलं, आबा, एवढी केळी? मी म्हणालो, पोट साफ होत नाही. ते माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले.

चारची गाडी मिळाली. आक्का, ऊस तोडायचे दिवस, रस्त्याला ट्रॉल्यांची रांग. गाडी मुंगीसारखी आणि सूर्य मात्र उतारावरच्या सायकलीसारखा. जन्मात पहिल्यांदा मी खिडकीतून हात करून त्याला थांब म्हणालो. शेजारच्या माणसानं जागा बदलली. ड्रायव्हरला सांगितलं, बाबा, जरा दाब. तो म्हणाला, "आबा, ट्रॉलीवरनं उडवू व्हय?" स्टँडवरून रिक्षाला साठ रुपये दिले. (हे साठ मी सुनेला सांगितलेले नाहीत.)

पोचलो तेव्हा समोरच्या इमारतीच्या टाकीवर ऊन टेकलं होतं. दोघी गेटबाहेर कठड्यावर पाय हलवत बसलेल्या. राजनंदिनी म्हणाली की आबा, मी हेच सांगत होते, की येऊ नका, आम्ही समोरून फळं आणि चिवडा आणला, कीर्तीचं पोट भरलंय, पण तुम्ही फोन ठेवलात. पन्नास वेळा लावला. मी केळी धरून उभाच. तेव्हा कीर्तीनं माझ्या हातातला घड काढून घेतला, टाकीकडे बघितलं, आणि म्हणाली, "अजून पाच मिन्टं हायत, आबा." आणि माझ्यादेखत एक केळं सोलून खाल्लं. भूक नव्हती तिला, ते दिसत होतं. अर्धं झाल्यावर तिनं श्वास घेतला, तरी संपवलं.

दुसऱ्या दिवशी गाडीच्या आधी मदन शेठच्या दारात गेलो. काय बोलायचं ते पाठ केलं होतं. धंदा गेला, दीडशे रुपये रोज गेले, आणि राजनंदिनीची परीक्षेची फी त्यातूनच भरायची होती, हे सगळं मी मनात धरलेलंच होतं. शेठना कीर्तीनं रात्रीच सांगितलं होतं. त्यांनी माझं ऐकून घेतलं. मग आत जाऊन नवा डबा आणि पिवळी पिशवी घेऊन आले. म्हणाले, "आबा, चूक तुमची न्हाई, माझ्या पिशवीची हाय. पर येक सांगतो. पोट साफ होत नसंल तर केळी खायची न्हाईत, पपई खावा."

आमच्या सुनेनं मात्र तेव्हापासून ठरवलं आहे की बाहेर जाणाऱ्या डब्यात मासे-मटण नाही, आणि दोन स्वयंपाक करायला तिला वेळ नाही. त्यामुळे घरातही नाही. उदयसिंह खाटेवरून माझ्याकडे असा बघतो, जणू पाय मीच मोडला.

तर आक्का, असं चाललं आहे. परीक्षेची फी काल भरली, पावती मी स्वतः बघितली. या वर्षाचे तीन महिने आणि पुढचं अख्खं वर्ष मी सातची गाडी सोडणार नाही. गाडी बंद पडली तर दुसरी, माझं बीपी वाढलं तर गोळी. पोर एम.एस्सी. झाल्याशिवाय मी मरायचंसुद्धा नाही असं ठरवलं आहे, आणि मरणाची मला किती भीती वाटते हे तुला लहानपणापासून माहीत आहे.

म्हशीला कुरवाळून सांग. वडीलधाऱ्यांत आता तूच उरलीस, तेव्हा आशीर्वाद तुझ्याकडेच मागायचा.

तुझा,
नाथाजी

ता. क. उत्तर शेवटी लिहितो म्हणालो होतो. रविवार नको. पुढचा रविवारही नको. त्यांची माणसं वाईट नाहीत, पण लग्नानंतर शिकू देऊ म्हणणारे आणि सुगीनंतर शाळेत जा म्हणणारे मला एकाच घरचे वाटतात. राजनंदिनीला मी विचारलं. ती म्हणाली, आधी डिग्री. हे मी फोनवर सांगू शकलो नसतो.

ता. क. दुसरी. पोल्ट्रीवाल्यांना निरोप काल मीच फोन करून दिला. त्यांनी विचारलं, नको म्हणतंय कोण? माझ्या तोंडून निघून गेलं, "आमच्या पाटणच्या आक्का." पलीकडच्या माणसानं लगेच बरं म्हणून फोन ठेवला. तुझ्या नावात अजून दम आहे.

(राणी, पत्र आजच्याच एसटीनं धाडतोय, कारण ते आज-उद्या आक्कांना फोन करतील. तोवर हे पत्र वाचून झालेलं असू दे, आणि फोन त्यांच्या हातात देण्याआधी एकदा नीट विचार, आक्का, तुम्ही नकोच म्हणाला होता ना? त्या व्हय म्हणाल्या की मगच दे.)