एकोणीस जणांचं मस्टर

५ जानेवारी, सकाळी
नवीन वही, नवीन संकल्प. ३१ मार्चले मले अठ्ठावन्न पूर्ण होतात. त्याआधी सेठले पेन्शनचं स्पष्ट विचाराचं. गांधीबागेत ओमप्रकाश सेठच्या साड्यांच्या ठोक दुकानात सव्वीस वर्षांपासून मॅनेजर आहो मी. वंदना म्हणते, तुमचं नाव असलेला दुकानाचा एक तरी कागद दाखवा. बायकोले मॅनेजमेंट काय समजते. सेठ मले घरचा माणूस म्हणतात. घरच्या माणसाले कागद लागत नाही.

९ जानेवारी
वीस माणसं झाली की पीएफ लावाच लागते, आणि पेन्शन त्याच्यातूनच निघते. म्हणून आपलं मस्टर एकोणीसवर थांबते. आणखी आठ जण लाल वहीत. तपासणीले कोणी आलं की मी बेल दोनदा दाबतो, आठही जण मागच्या जिन्यानं चहाले. ही सिस्टीम माहीच. माहं नाव दोन्ही वह्यांत नाही, कारण वह्या मीच लिहितो. सेठनं माहं वेगळं काही करून ठेवलंच असन. आज विचारणार होतो. ते घाईत होते.

२ फेब्रुवारी
विचारलं नाही. लगीनसराई आहे. मार्च लांब आहे.

१४ फेब्रुवारी
काउंटरवरचा धम्मानंद घरी आला होता, सक्करदऱ्याले. अकरा वर्षांपासून आहे, मस्टरवर तिसरा. म्हणाला, मनोहरभाऊ, पीएफ ऑफिसात अर्ज देल्ला आम्ही, साहेब येतीन. तुम्ही फक्त बेल दाबू नका. मी म्हटलं, सेठ समोरच बसते गा, दाबाच लागन. त्यानं विचार केला. मंग म्हणे, एवढंच करा, साहेबानं विचारलं तर तुम्ही कोण ते खरं सांगा. एकोणीस आणि तुम्ही, वीस. सगळ्यायले मागच्या वर्षांपासूनचा पीएफ लागन, तुम्हालेबी.

वंदनानं त्याले दुसऱ्यांदा पोहे वाढले. मी शब्द देल्ला. एवढी घरं माह्या एका वाक्यावर! वाक्य पाठ केलं. मी मनोहरराव, इथचा मॅनेजर.

६ मार्च
वाक्य उत्तम येते. आरशासमोर तीनदा म्हटलं.

११ मार्च, दुपारी
साहेब आले. बेल दोनदा वाजली. हाताले सवय आहे. आठ जण चहाले गेले. साहेबानं माणसं मोजली, एकोणीस. मंग माह्याकडे पाहून विचारलं, हे कोण? धम्मानंद म्हणाला, आमचे मॅनेजर. साहेब म्हणाले, त्यायलेच सांगू द्या. सेठ माह्याकडे पाहून राहिले होते.

मी म्हटलं, मी गिऱ्हाईक आहो, मिसेससाठी साडी पाहून राहिलो.

साहेब माह्या कानावरच्या पेन्सिलीकडे पाहत होते. सेठनं लगेच मोरपंखी साडी बांधली आणि बिल फाडलं. साहेबानं माहा जबाब लिहिला, मी सही केली.

११ मार्च, संध्याकाळी
थंड डोक्यानं पाहिलं तर बरोबरच केलं. दुकानच बुडालं असतं तर पीएफ कोणाले भेटला असता? हे धम्मानंदले समजावून सांगाचं आहे. तो बोलून नाही राहिला. लाल वहीवालेबी नाही. चहा एकट्यानं पेलो. लाज वाटली, पण चहा गरम होता.

३१ मार्च
आज सेठले विचारलंच. त्यायनं माह्या जबाबाची कॉपी काढून दाखवली. म्हणे, मनोहर, तू तो ग्राहक है, लिखा हुआ है. कल से मत आना, साहब फिर आये तो तुझे यहाँ देख लेंगे. साडीचे पैसे पगारातून कापले. ठोक भाव लावला, हे मानलं पाहिजे.

२ एप्रिल
वंदना म्हणते, पीएफ ऑफिसात आपणच जाऊ, जबाब खोटा होता म्हणून सांगू. धम्मानंदबी संगं येतो म्हणाला म्हणे, तिले फोन केला, मले नाही. फक्त तुमच्या नावाचा दुकानाचा एक कागद काढा म्हणते.

दोन्ही कपाटं उपसली. सव्वीस वर्षांतला एक कागद सापडला. वर माहं नाव आहे, नीट अक्षरात. त्याच्या आधी छापलंय, ग्राहकाचे नाव. खाली छापलंय, एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही. ती ओळ मीच प्रेसवाल्याले सांगून टाकून घेतली होती.