नाव बुडवणं

३ फेब्रुवारी, मंगळवार

पाय उपटला. मधल्या जोडीतला, उजवीकडचा. चिमट्यात धरला, हलकेच पिळला — आला. डीएनए तपासणीसाठी नळीत टाकला, नळीवर नंबर घातला.

जगात या भुंगेऱ्याचा हा एकच नमुना. शेणात राहणारा, वाटाण्याएवढा, काळा. छत्तीस वर्षांपूर्वी बाबांनी शोधला, तेव्हा ते आमच्याच संग्रहालयात होते. नवी जात म्हणून छापला आणि तिला आईचं नाव दिलं. शेणातल्या किड्याला बायकोचं नाव! आई आल्यागेल्याला सांगायची, "लोकांच्या नवऱ्यांना गुलाब सुचतात." आणि हसायची.

तिला जाऊन पाच आठवडे झाले. आज पाय उपटताना म्हटलं, आता तरी काही वाटेल. नाही वाटलं. डबा खाल्ला की नाही, तेही आठवत नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

बाबांनी विचारलं, "तिचा भुंगेरा बरा आहे ना?" रोज विचारतात. बरा आहे म्हटलं. पाचच पाय उरलेत हे सांगितलं नाही.

११ फेब्रुवारी, बुधवार

निकाल आले. या गटातल्या चारशे भुंगेऱ्यांचा डीएनए ताडून आम्ही त्यांचा वंशवृक्ष मांडतोय — कोण कुणाचा सख्खा, कोण चुलत, कोण नुसताच दिसायला सारखा. आईच्या नावाचा भुंगेरा एकटा, लांबच्या फांदीवर बसेल असं मी धरून चालले होते. बाबांनी तसंच लिहिलंय.

तो बसलाय शिंगवाल्याच्या मांडीवर! शिंगवाला म्हणजे कुठल्याही गोठ्यात ढिगाने सापडणारा. हा त्याचा भाऊसुद्धा नाही — तोच आहे. अळीला शेण भरपूर मिळालं तर नराला मोठं शिंग येतं. कमी मिळालं तर बुटका राहतो, शिंग जवळजवळ येतच नाही. बाबांच्या हाती बुटका लागला, त्यांना वाटलं वेगळी जात.

मोठ्या बाई — आमच्या विभागप्रमुख — पडद्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "नाव बुडवावं लागणार गं."

आमच्या कामात असंच म्हणतात. एकाच जातीला दोन नावं पडली की जुनं टिकतं. नवं त्याच्याखाली बारीक अक्षरात जातं, ते बुडवलेलं नाव. म्हणजे मी आईचं नाव बुडवणारी मुलगी. विनोद चांगला आहे. हसू आलं नाही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

मोठ्या बाई: "बाबांना आधी सांग. छापलेलं वाचून कळायला नको." बरोबर आहे. नाही सांगितलं.

१५ फेब्रुवारी, रविवार

बाबांनी आईचं कपाट आवरलं. मी घड्या घालून देत होते, ते पिशवीत भरत होते. चष्म्याची डबी सापडली, रिकामी. ती बराच वेळ हातात धरून बसले.

"काय उरलं गं तिच्या नावाचं? घर माझ्या नावावर, फोन तुझ्या. तो भुंगेरा तेवढा." मग एकदम जोरात, "तो मात्र कुणाच्या बापाला पुसता येणार नाही!"

बापाला नाही. लेकीला येतो. निकालाचे कागद माझ्या बॅगेतच होते, दाराशी टांगलेल्या. मी पिशवीचं तोंड बांधलं.

१८ फेब्रुवारी, बुधवार

छापायच्या लेखात एक वाक्य पुरेल. "नमुना जुना असल्याने डीएनए मिळाला नाही." कुणी विचारणार नाही. छत्तीस वर्षांचा वाळका पाय, नसेल मिळाला. लिहिलं. खोडलं. पुन्हा लिहिलं. तसंच ठेवून घरी आले.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

नमुना परत पेटीत ठेवायच्या आधी तो टोचलेल्या टाचणीवरची लेबलं एकेक काढून दोन्ही बाजूंनी फोटो घ्यायचे असतात. याच्या टाचणीवर तीन आहेत. तिन्ही आईच्या अक्षरातली. बाबांचं अक्षर त्यांनाच लागत नाही, त्यामुळे लेबलं ती लिहायची, चित्रंही तीच काढायची. तासन्‌तास भिंगाखाली भुंगेरे बघायची.

वरची दोन निघाली. सर्वांत खालचं उलटं केलं. मागे पेन्सिलीने, मुंगीएवढ्या अक्षरात —

"हा तोच, शिंगवाला. याला पोटभर मिळालेलं नाही, एवढंच. ह्यांना सांगू नये."

आई! छत्तीस वर्षं! आणि ते गुलाबाचं हसणं!

लेखातलं ते डीएनए न मिळाल्याचं वाक्य खोडलं. या वेळी खरंच.

२१ फेब्रुवारी, शनिवार

बाबांना सगळं सांगितलं. लेबलाचा फोटो दाखवला. त्यांनी भिंग लावून वाचला, पुन्हा वाचला.

"मला पुढच्याच वर्षी कळलं होतं गं. अर्ध्या शिंगाचे सापडले तेव्हा. म्हटलं, तिला सांगू नये."

फोटो परत दिला. "बुडव नाव. आता वाईट वाटायला कोण आहे?"

मी आहे. सात आठवड्यांनी — वाटलं.