रिकामा रकाना

३ जानेवारी
नव्या वर्षाचा संकल्प, दोन दिवस उशिरा: कोणावरही चिडायचं नाही. ऑफिसात शिरताच साडू हसला. संकल्प तहकूब.

३ जानेवारी, संध्याकाळ
मोठ्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. एक क्लायंट सुटला. आता ऑडिटं पाच, माणसं सहा. एकाला काढायचं, कोणाला ते मॅनेजर म्हणून मीच ठरवायचं. उशिरा का होईना, माझी किंमत कळली.

जाणार साडूच. मेव्हणीचा नवरा म्हणून मीच त्याला इथे चिकटवला, आपल्याच हातानं पायावर धोंडा. पण मी नाव घेतलं तर घरात जेवण मिळणार नाही. तेव्हा गणित.

८ जानेवारी
पद्धत अशी. आडव्या ओळीत माणूस, उभ्या रकान्यात क्लायंट. कोणाला कोणत्या ऑडिटला किती तास लागतात ते ज्याचं त्यानं लिहायचं. एकूण तास कमीत कमी होतील अशा जोड्या कॉम्प्युटर लावतो. सहावा रकाना रिकामा, तिथे सगळ्यांना शून्य. त्यात जो पडेल तो घरी. गणिताला ना नातं, ना भीड.

१० जानेवारी
आकडे आले. साडूनं प्रत्येक क्लायंटला सगळ्यांत कमी तास लिहिलेत. कामचुकारपणाची लेखी कबुली! शून्याच्या सगळ्यांत जवळ तोच, रिकामा रकाना त्याचाच.

मी माझे तास त्याच्या तिप्पट लिहिले. माझं काम खोल असतं.

चष्मेवाली ज्युनिअर विचारते, सर, तुमच्या ओळीत काही चुकलंय का. उथळ पाण्याला खळखळाट फार. तिच्याकडे नंतर बघतो.

१३ जानेवारी
सर्क्युलर काढलं: शीटचा निकाल अंतिम, रडगाणं चालणार नाही. सहाही जणांच्या सह्या घेतल्या, माझी सगळ्यांत वर.

बायकोनं विचारलं, त्या तागडीत तुम्हीही बसलाय ना. साहित्यात एम.ए. झालेल्या माणसाला गणित काय कळणार.

२० जानेवारी
मोठ्या स्क्रीनवर, सगळ्यांसमोर शीट चालवली.

साडूला सगळ्यांत मोठा क्लायंट.

रिकाम्या रकान्यात मी.

पुन्हा चालवली. पुन्हा मीच. कॉम्प्युटर बदलायला लावला. म्हणे, सगळ्यांत जास्त तासवाल्याला बाहेर बसवलं की एकूण तास सगळ्यांत कमी होतात. चष्मेवाली खाली बघत होती, खांदे हलत होते. मोठे साहेब म्हणाले, सर्क्युलरची भाषा छान आहे, विशेषतः रडगाण्याचं वाक्य.

सगळ्यांत नीच साडू. उभा राहून साहेबांना म्हणाला, दादांना ठेवा, हवं तर माझा पगार कमी करा. साहेबांनी मान हलवली, नाही म्हणून. माझ्यासाठी हात जोडायची हिंमत होतेच कशी याची? जन्मात माफ करणार नाही.

२ फेब्रुवारी, सकाळी
घरी. कोणावरही राग नाही. ती फर्म वर्षात बुडेल, मी बघतोच.

बायको आता नोकरी शोधतेय, म्हणून घरातली कामं वाटायला बसली. तिनं विचारलं, भांडी घासायला तुम्हाला किती वेळ लागेल. नीट करायची तर तीन तास, मी सांगितलं. काम खोल हवं.

तिनं भांडी माझ्या आईकडे दिली. केर, कपडे, बाजार, प्रत्येक कामाचं मला विचारलं. प्रत्येक कामाचा खरा आकडा दिला.

दुपारी साडू येणार आहे, मला कुठे चिकटवता येईल का ते बोलायला. तोवर मला काही काम नाही.